गव्हाचा युरिया: पापी कोण?

बांधावरचा:
काल इथे एका महाशयांनी लिहिलं, "गव्हाला वारेमाप युरिया ओतणारा शेतकरी गाडीवाल्याएवढाच हवामानबदलाला जबाबदार." डोकं सणकलं. बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, म्हणजे नायट्रोजन, ही शिफारस आमच्या आजोबांची नाही, शास्त्रज्ञांची आहे. अर्धं पेरताना, अर्धं पहिल्या पाण्याला. पण पाणी कधी? लाईट येईल तेव्हा! दिवेलागणीला युरिया फेकून ठेवायचा, मध्यरात्री बॅटरी घेऊन दारं धरायची. तेवढ्यात डीपी उडाली की युरिया तसाच वर पडून. उडतो तो आमचा पैसा. आधी दिवसा वीज द्या, मग शिकवा.

नत्रपुराण:
महाशय मीच. उडतो तो अमोनिया. हवा तापवणारा वायू वेगळा, नायट्रस ऑक्साइड; तो त्याच नत्रापासून मातीतले जिवाणू करतात, काळ्या रानात पाणी तुंबलं की जास्तच. ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र. त्यातलं १ टक्का नत्र या वायूत जातं, हा आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा) ठोकताळा लावला तर सव्वातीनशे ग्रॅम नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट, म्हणजे गोणीमागे ८९ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास. साधारण ३८ लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. खत कारखान्यात लागणारा गॅस यात धरलेलाच नाही.

बांधावरचा:
तुमचं ३८ लिटर लोणावळ्याला जातं, आमच्या गोणीची पोळी होते. ती तुम्हीही खाताच की.

मकावाली:
अहो, गोणी मिळते कुठे? २६६ रुपयांच्या युरियासोबत नॅनो युरियाची, त्या फवारायच्या पातळ खताची, बाटली घे, नाहीतर पुढच्या दुकानात जा! गोठ्याच्या खिडकीत रांग लागलीय बाटल्यांची.

कोरडवाहू:
आमच्याकडे झिंकची पिशवी.

मकावाली:
पक्कं बिल मागितलं की साठाच संपतो.

कोरडवाहू:
तक्रार केली तर पुढच्या हंगामात दुकानदार ओळख दाखवत नाही. या लिंकिंगवर, एका खतासोबत दुसरं गळ्यात मारण्यावर, वेगळा धागा काढा कुणीतरी.

जुना_वाफसा:
खत बंद करा म्हणणाऱ्यांनी श्रीलंका बघावी. २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एकदम बंदी, भात कोसळला, वर्ष संपायच्या आत माघार.

नत्रपुराण:
बंद करा म्हटलंय कुठे मी? न वाचताच तुटून पडायचं! डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताची गोणी १३५० रुपये, युरियाची २६६. २०१० साली बाकी खतांना पोषणाधारित, म्हणजे त्यातल्या अन्नद्रव्यांच्या किलोवर ठरणारं, अनुदान आलं, युरिया तेवढा बाहेर ठेवला. स्वस्त म्हणून हात सैल सुटतो. शेजाऱ्याचं रान काळंभोर दिसलं की आपणही एक गोणी जास्त मारतो. खोटं आहे का?

बांधावरचा:
शेजाऱ्याचं खरं आहे. गेल्या साली त्याचा गहू ओंबीत आल्यावर वाऱ्याने सपाट लोळला, हार्वेस्टरवाला बांधावरूनच परत गेला. यंदा मी युरिया दोनाऐवजी तीन हप्त्यांत देणार, मातीपरीक्षण करून. तुमच्या वातावरणासाठी नाही, गहू उभा राहावा म्हणून.

नत्रपुराण:
वातावरणाला कारण विचारायची सवय नाही. द्या.

मकावाली:
तिसऱ्या हप्त्याला तिसरी बाटली घ्यावी लागेल, तयारी ठेवा.