पायातल्या जीपीएस पट्ट्याची फी आरोपीच्या कमाईप्रमाणे घ्यावी का?

रानजाई

नमस्कार मंडळी. तुरुंगाऐवजी माणसाला घरी ठेवायचं, घोट्याला जीपीएसचा पट्टा बांधायचा आणि तो कुठे जातो-येतो ते कंट्रोल रूममधून बघायचं, या पद्धतीवर आमच्या अभ्यासगटासाठी टिपण लिहितेय. पट्टा कसा चालतो तो भाग लिहून झाला, अडकलेय ती पैशांपाशी. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पट्ट्याचे पैसे ज्याच्या पायात तो आहे त्याच्याकडूनच घेतात, दिवसाला पाच डॉलर, दहा डॉलर, कुठे कुठे वीसच्याही वर, शिवाय सुरुवातीला बसवायची फी वेगळी आणि पट्टा हरवला किंवा तुटला तर भरपाई वेगळी. यावर उपाय म्हणून बरेच जण सुचवतात की सगळ्यांना एकच फी न लावता उत्पन्नाप्रमाणे लावा, चांगली कमाई असेल त्याला पूर्ण, कमी असेल त्याला थोडी, काहीच नसेल त्याला माफ. मला हे पटतं. पण लिहायला बसले की प्रश्न पडतात. उत्पन्न त्याचं एकट्याचं धरायचं की घराचं? ठरवणार कोण? आणि जो अजून दोषी ठरलेलाच नाही, नुसता सुटून खटल्याची वाट बघतोय, त्याच्याकडून मुळात पैसे घ्यायचेच का? कुणी हे जवळून पाहिलं असेल किंवा कायद्याच्या अंगाने वाचलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

जमाखर्च

आधी आकडे मांडू, म्हणजे सरसकट फी कुठे बोचते ते दिसेल. दिवसाला १० डॉलर म्हणजे महिन्याचे ३००. अमेरिकेत केंद्राचं किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवरच आहे, आठवड्याला पूर्ण ४० तास काम मिळालं तरी महिन्याला साधारण १२५० डॉलर होतात, तेही टॅक्स कापायच्या आधी. म्हणजे जवळजवळ पाव पगार पट्ट्यालाच गेला. आणि ज्याच्या पायात पट्टा आहे त्याला पूर्ण ४० तास मिळणंच मुश्किल असतं, शिफ्ट बदलली की आधी परवानगी घ्या, ऐनवेळी ओव्हरटाइम सांगितला तर करता येत नाही, पट्टा रोज चार्ज करायचा त्यासाठी प्लगजवळ बसून राहा, असल्या माणसाला कामावर ठेवायला मालकही कां कू करतो.

आता उत्पन्नाप्रमाणे फी. मी टॅक्सचं काम करतो त्यामुळे माझी नजर लगेच टप्प्यांकडे जाते. समजा कुणी नियम केला की महिन्याला १००० डॉलरपर्यंत माफ, १००० ते १५०० कमाई असेल तर दिवसाला ४ डॉलर, त्याच्या वर पूर्ण १०. ज्याची कमाई १४९० आहे तो महिन्याला १२० भरेल. त्याने एक जादा शिफ्ट केली आणि कमाई १५५० झाली की एकदम ३०० भरायचे, म्हणजे ६० डॉलर जास्त कमावले आणि फी १८० ने वाढली. तो कशाला जादा शिफ्ट करेल? आपल्याला तर त्याने काम धरून ठेवावं हेच पाहिजे आहे. त्यामुळे टप्पे करायचेच असतील तर इन्कम टॅक्ससारखे करा, वरच्या टप्प्यात जेवढी रक्कम जाते तेवढ्यावरच वरचा दर. किंवा घरभाडं, मुलांचा खर्च, औषधं वजा करून जे हातात उरतं त्याचे थोडे टक्के. अजून एक, मागच्या वर्षीचा रिटर्न बघून फी ठरवू नका. अटक झाली की पुष्कळांची ती नोकरी गेलेलीच असते, कागदावर मात्र कमाई दिसत राहते.

कोरा कागद

जमाखर्च यांचं टप्प्यांचं म्हणणं एकदम बरोबर. मी त्याच्या आधीची एक गोष्ट मांडतो, कारण या चर्चेत लोक दंड आणि फी यांची सरमिसळ फार करतात.

कमाईप्रमाणे पैसे म्हटलं की युरोपातल्या दिवस-दंडाचं उदाहरण येतं. फिनलंडमध्ये १९२१ पासून, स्वीडनमध्ये १९३१ पासून आणि जर्मनीत १९७५ पासून ही पद्धत आहे. गुन्हा किती गंभीर त्यावरून दिवस किती ते ठरतं आणि माणसाच्या कमाईवरून एका दिवसाची रक्कम ठरते. नोकियाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला २००२ मध्ये फिनलंडमध्ये मोटरसायकल वेगात चालवली म्हणून एक लाख युरोच्या वर दंड लागला होता (अपिलात तो बराच कमी झाला). हे चालतं कारण ती शिक्षा आहे, श्रीमंताला पण तितकीच झळ बसावी म्हणून त्याची रक्कम मोठी.

पट्ट्याच्या फीचं तसं नाही. फी घेताना सरकार म्हणतं आम्ही फक्त खर्च वसूल करतोय. मग खर्च दिवसाला १० डॉलर असेल तर कोट्यधीशाकडूनही १० च घेता येतात, त्याच्या वर गेलात तर ती फी राहत नाही. म्हणजे वरच्या बाजूला झाकण आणि खाली सवलत. गरिबाला २ लावले किंवा माफ केले की खड्डा पडणारच, श्रीमंत तो भरून काढू शकत नाहीत. हा खड्डा भरणार कोण ते आधी ठरवा, दराचं नंतर बघू. अमेरिकेत काही ठिकाणी कंत्राट असं असतं की काउंटीने (म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने) कंपनीला एक पैसाही द्यायचा नाही, कंपनीने सगळं पट्टा घालणाऱ्यांकडून घ्यायचं. अशा कंत्राटावर कमाईप्रमाणे फीचा नियम चिकटवला तर खड्डा कंपनीच्या अंगावर येतो, आणि मग ती एक तर वरचा दर फुगवते नाहीतर माफी द्यायला टाळाटाळ करते. कंपनी वाईट असायलाच पाहिजे असं नाही, कंत्राटच तिला तिकडे ढकलतं.

पैसे थकले तर काय, हा दुसरा भाग. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा १९८३ चा बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया हा निकाल तुमच्या टिपणात आलाच पाहिजे. त्यातल्या बेअर्डनला प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी अटी घालून बाहेर सोडलं होतं आणि ५०० डॉलर दंड अधिक २५० भरपाई भरायची होती. पहिले २०० त्याने आईवडिलांकडून उसने घेऊन भरले, मग नोकरी गेली, नीट वाचताही येत नव्हतं त्यामुळे दुसरं काम मिळेना, बाकीचे थकले आणि प्रोबेशन रद्द होऊन तुरुंग. सुप्रीम कोर्ट म्हणालं की पैसे का थकले याची चौकशी केल्याशिवाय असं करता येणार नाही, प्रामाणिक प्रयत्न करूनही जमलं नसेल तर आधी दुसरे पर्याय बघा. निकाल चांगलाच आहे. पण तो संरक्षण देतो ते पैसे थकल्यावर, प्रकरण कोर्टासमोर गेल्यावर. माणूस तिथपर्यंत पोचतो तोवर त्याने भाडं थकवून, उसनवारी करून फी भरलेली असते, ते कुठल्याच नोंदीत येत नाही.

उत्तरा_म

मी काही वर्षं अमेरिकेत कोर्टात दुभाषी म्हणून काम केलं. सगळी नावं-गावं बाजूला ठेवून एवढंच सांगते की ऐपत तपासणं हे कागदावर असतं तसं प्रत्यक्षात होत नाही. जज म्हणतात ऐपतीप्रमाणे फी लावा, पण ती ऐपत ठरते कोर्टाबाहेर, पट्टा बसवणाऱ्या ऑफिसात, जिथे समोर बसलेला माणूस कंपनीचाच. अर्ज कायद्याच्या भाषेत. पगाराची स्लिप आणा, बँकेचं स्टेटमेंट आणा, घरात कोण कोण कमावतं ते लिहा. रोजंदारीवाल्याकडे स्लिप कुठली असणार? स्लिप नाही म्हणून पूर्ण फी, असं मी पाहिलंय. आणि घरात कोण कमावतं या रकान्यात आईचा पगार लिहिला जातो. माऊलीने काहीही केलेलं नाही, पण मुलाच्या पायातल्या पट्ट्याचे हप्ते तीच भरते, मुलगा घरी आहे यातच तिला समाधान असतं म्हणून कुणाकडे तक्रार पण करत नाही. मला याचा फार त्रास व्हायचा.

रानजाई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर म्हणजे उत्पन्न फक्त त्याचं स्वतःचं धरा. ज्याच्या पैशातून फी जाते तो आरोपी नसेल तर त्याला कसला धडा मिळतो?

पायवाट

मी थोडं वेगळं बोलतो, रागावू नका. सगळे पट्टेवाले गरीब नसतात. बायकोला मारहाण केलेला, चांगल्या पगाराचा माणूस तिच्या घराजवळ फिरकू नये म्हणून पट्टा घालून फिरतो, त्याचा खर्च त्या बाईने पण भरलेल्या टॅक्समधून का जावा? मी अत्याचारग्रस्त बायकांसोबत काम करतो आणि त्यांना हे समजावून सांगणं मला जमत नाही. त्यामुळे फी पूर्ण बंद करा हे मला मान्य नाही, ऐपत आहे त्याच्याकडून घ्याच.

फक्त पैसे कुठे जातात ते बघा. स्वीडनमध्ये पट्ट्यावर शिक्षा भोगणाऱ्यांपैकी ज्यांना कमाई आहे त्यांच्याकडून रोज एक लहान रक्कम घेतात आणि ती गुन्ह्याचा त्रास झालेल्यांसाठीच्या निधीत जमा होते. कंपनीच्या बिलाचा तिच्याशी संबंध नाही. हे मला फार आवडलं, कारण पैसे भरण्यात अर्थ राहतो, आणि कोरा कागद म्हणतात तो खड्डाही पडत नाही कारण यंत्रणेचा खर्च सरकारने आधीच उचललेला असतो. आणि फी थकली म्हणून पट्टा काढून घेऊन माणसाला आत टाकू नका हे मीही म्हणेन, बाईला संरक्षण पट्ट्यातून मिळतं, त्याने पैसे भरले की नाही याच्यातून नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार, उत्तराताईंचं आईबद्दलचं वाचून जरा थांबलेच. पायवाट, स्वीडनचं मला माहीत नव्हतं, ते टिपणात घेतेय. दोन गोष्टी अजून राहिल्यात. एक, दोषी न ठरलेल्यांचं काय? दोन, कुणी ऐपतीप्रमाणे फी करून बघून मग बंदच केली असं झालंय का?

कोरा कागद

दोन्हीची उत्तरं आहेत.

दुसऱ्यापासून सुरू करतो. कॅलिफोर्निया. तिथे घरकैद आणि पट्ट्याची फी ऐपत बघून लावायची असं कायद्यात आधीपासून लिहिलेलं होतं. तरीही लोकांच्या डोक्यावर थकबाकी साचत गेली आणि वसुली मात्र किरकोळ. सॅन फ्रान्सिस्कोने २०१८ मध्ये आपल्या हातातल्या असल्या सगळ्या फी रद्द केल्या, मग २०२० मध्ये राज्याने कायदा केला आणि जुलै २०२१ पासून वीसहून जास्त प्रकारच्या फी बंद झाल्या, त्यात पट्ट्याचीही, आणि अब्जावधी डॉलरची जुनी थकबाकी वसूल करायची नाही असं ठरलं. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत तर नवी फी लावणं २०१८ पासूनच बंद होतं. यावरून मी असं म्हणणार नाही की कमाईप्रमाणे फी कुठेच चालणार नाही, पण नियम पुस्तकात असणं आणि तो प्रत्येक माणसाला खरोखर लावला जाणं यात केवढं अंतर पडतं ते तिथे दिसतं. ज्यांच्याकडून घ्यायचे त्यांच्याकडे मुळात पैसेच नाहीत, आणि प्रत्येकाची ऐपत नीट तपासायची म्हटलं तर तपासणीचाच खर्च वसुलीच्या डोक्यावर बसतो.

आता दोषी न ठरलेले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने नेल्सन विरुद्ध कोलोराडो मध्ये सांगितलं की दोषी ठरवून घेतलेले पैसे, फी असो की भरपाई, ती शिक्षा रद्द झाली आणि पुन्हा खटला होणार नसेल तर सरकारने परत केले पाहिजेत, परत मिळवायला स्वतःचं निर्दोषत्व सिद्ध करा अशी अट घालता येणार नाही. आता विचार करा, आधी दोषी ठरला आणि मग सुटला त्याला पैसे परत. आणि जो कधी दोषी ठरलाच नाही, पण खटला उभा राहायची वाट बघत महिनोन्महिने पट्ट्याची फी भरत राहिला, तो निकाल लागून सुटल्यावर ते पैसे कुणाकडे मागणार? तो निकाल शिक्षेनंतर घेतलेल्या पैशांबद्दल होता, त्यामुळे या माणसाला तो थेट उपयोगी पडत नाही. म्हणून खटल्याआधीच्या काळात कमाई कितीही असो, फी शून्य, हे माझं ठाम मत. पायवाट यांनी सांगितलेल्या केसमध्येसुद्धा, दोषी ठरल्यावर मागच्या काळाची रक्कम मोजून घ्या हवी तर.

पायवाट

खटल्याआधी शून्य, दोषी ठरल्यावर हिशोब, हे चालेल मला. फक्त पट्टा लगेच बसला पाहिजे, फीच्या कागदपत्रांपायी तो दोन दिवस लांबला तर त्या दोन दिवसांत काय होऊ शकतं ते मी पाहिलंय.

जमाखर्च

सरकारने बिल भरायचं ठरवलं तर त्यालाही लेखापरीक्षण लागतं हे टिपणात असू द्या. इंग्लंडमध्ये पट्टा घालणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत, कंत्राटदाराला सरकार देतं. २०१३ मध्ये तिथे बाहेर आलं की जीफोरएस आणि सर्को या दोन कंपन्यांनी मेलेल्या, तुरुंगात परत गेलेल्या, देश सोडून गेलेल्या लोकांच्या नावानेही बिलं लावली होती. दोघींनी मिळून पुढे १७ कोटी पौंडांच्या वर रक्कम परत केली. त्यामुळे पट्टा सुरू आहे का याची नोंद कंपनीची एक आणि कोर्टाची एक अशी स्वतंत्र ठेवायची आणि दर महिन्याला ताडून बघायची.

उत्तरा_म

आणि अर्ज एका पानाचा ठेवा, त्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत. सरकारी मदत घेणाऱ्याला कागद न मागता आपोआप शून्य. बाकीच्यांचं स्वतःचं लेखी निवेदन पुरे, शंका आली तरच तपासा, आणि तपासणारा कोर्टाचा माणूस असू दे. नोकरी गेली तर एका फोनवर त्याच दिवसापासून फी थांबली पाहिजे, पुढच्या तारखेची वाट बघायला लावली तर तेवढ्यात थकबाकी उभी राहते.