अनुभव धागा: तुमच्या टेबलावर आलेले डायनासोर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या शेतांत डायनासोरची दगड झालेली विष्ठा सापडते. याच जिल्ह्यातल्या डोंगरगावात मिळालेल्या सांगाड्यावरून आयसिसॉरस हा लांब मानेचा, झाडपाला खाणारा डायनासोर जगाला कळला. सिरोंच्याजवळच्या कोटा गावाचं नाव तर तिथल्या खडकांच्या अख्ख्या थराला दिलेलं आहे. आणि आपण डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत पात्रं रंगवायचा खेळ खेळायला बसलो की डायनासोर येतो तो फक्त मारायला. दिसला, चावला, मेला. मला हे फार खटकतं. विदर्भातल्या गावागावांत खेळणारे आपण बरेच आहोत, म्हणून विचारतो: तुम्ही खेळात डायनासोर कसा आणला? आकडे थोडक्यात द्या, तो वागला कसा ते सविस्तर सांगा.

सुरुवात मीच करतो. मी वरोऱ्याकडे शिक्षक आहे. सुट्टीत जुने विद्यार्थी गावी आले की आमचा खेळ बसतो. आयसिसॉरसशी मी लढाई ठेवलीच नाही. कळप नदीकडे निघालाय आणि पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, त्याच्यामधून पलीकडे जायचंय, एवढाच प्रसंग. पायाखाली येऊ नये म्हणून प्रत्येक फेरीला डेक्स्टेरिटी सेव्ह, म्हणजे चपळाईनं निसटता आलं का ते फासा टाकून बघायचं. पण खेळ खरा रंगला तो कळप शोधताना. पिसदुऱ्याच्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर डायनासोरांच्या पोटात गवत जात असेल असं सहसा कोणी धरत नव्हतं. म्हणून मी रेंजरला, म्हणजे पार्टीतल्या माग काढणाऱ्या पात्राला, वाटेत शेण दाखवलं. पोरांनी लगेच विचारलं, ओलं की वाळलेलं? गवत किती, पाला किती? किडे लागलेत का? गुरं राखलेल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. माझ्या उत्तरांवरून कळप कोणत्या अंगाला चरतोय हे त्यांनी काढलं, तेही फासा न टाकता. मीही टाकायला लावला नाही. ज्याला खरंच येतं त्याला फाशावर का अडवायचं?

साकोलीहून

आमच्याकडे ट्रायसेराटॉप्स, तीन शिंगांचा डायनासोर. २०१४ च्या नियमांत त्याला ९५ हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचा आकडा), आणि वीस फूट सरळ धावत येऊन शिंग मारलं की समोरचा आडवा होऊ शकतो. आकडे मी तसेच ठेवले, वागणं नागझिऱ्यातल्या गव्याकडून घेतलं. गवा लगेच अंगावर येत नाही. फुरफुरतो, आडवा उभा राहून अंग दाखवतो, आणि आपण मागे सरलो तर बरेचदा निघून जातो. ट्रायसेराटॉप्सची डोक्यामागची हाडाची झालर समोरून दिसते, म्हणून माझा प्राणी मान खाली घालून झालर दाखवतो. पहिली फेरी फक्त इशाऱ्याची. दुसऱ्या फेरीत कोणी पुढे सरकलं तरच धाव. निम्मे हिट पॉइंट गेले की तो पळतो, पण मागे पिल्लू असेल तर पळत नाही. हा एक नियम आल्यापासून आमचे खेळाडू तलवार काढण्याआधी आजूबाजूला पिल्लू शोधतात. मला एवढंच हवं होतं.

दर्यापूरकडून

मले टायरॅनोसॉरस नाई जमला. तो अमेरिकेतला, आपल्या वावराशी त्याचं काय नातं? म्या राजासॉरस घेतला, मांस खाणारा, गुजरातेतल्या राहिओलीचा, २००३ साली नाव पडलेला. टायरॅनोसॉरसहून बराच लहान हाय, म्हणून १३६ हिट पॉइंटांचे ९० केले. कपाळावर बुटकं शिंग हाय, त्याची धडक ठेवली. चाव्याचा २०१४ चा नियम मात्र तसाच: एकजण जबड्यात असला की दुसऱ्याले चावता येत नाई. आमची बार्बेरियन (रांगडं, मार सोसणारं लढवय्यं पात्र) खेळणारी पोरगी मुद्दाम जबड्यात गेली ना भाऊ! बाकीच्यायले मोकळं मैदान भेटलं. टेबलाभोवती सारे उठून उभेच राह्यले.

वर्ध्याहून

छोटीशी भर. खेळात टेबलावर मांडायच्या बाहुल्या विकत आणणं परवडत नव्हतं. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी घरात होते, तेच अँकिलोसॉरस डायनासोर झाले. चाकं असल्यानं धाव घेताना खरंच सरकवता येतात. लहान भाऊ रोज विचारतो, आज माझा बैल खेळणार का.

सिरोंच्याहून

ताई-दादांनो, माझा प्रसंग घरट्याचा. गुजरातेत सॉरोपॉडच्या, म्हणजे आयसिसॉरससारख्या लांब मानेच्या डायनासोरच्या, घरट्यात अंड्यांपाशी वेटोळं घातलेला साप सापडला, सनाजेह, साधारण साडेतीन मीटरचा. त्याचं वर्णन २०१० मध्ये आलं. नुकतंच फुटलेलं पिल्लू त्याच्या शेजारीच होतं. आपल्या पिसदुऱ्यातूनही मोठ्या सापाचे मणके मिळालेत, मॅडत्सोइयाचे. मी दोन्ही जोडून एक रात्र केली. पार्टीला राजवैद्यासाठी एक अंडं हवंय, साप पिल्लांची वाट बघत दबा धरून बसलाय आणि आई कुठेच नाही. आई नसणं मी मुद्दाम ठेवलं, कारण सॉरोपॉड घरट्यावर थांबत होते याचा पुरावा तिथे नाही. आमच्या खेळाडूंत तेलुगू बोलणाऱ्या दोघी आहेत. त्यांच्यात आणि क्लेरिक (देवाचा पुजारी) खेळणाऱ्यामध्ये असा वाद पेटला की फासे बाजूलाच राहिले: अंडं न्यायचं की पिल्लं वाचवायची? साप का मारायचा, तो काय दुष्ट आहे, की नुसता भुकेला? शेवटी त्यांनी सापासमोर आपल्या शिदोरीतलं मांस टाकलं, एक अंडं उचललं आणि उरलेली पिल्लं झुडपांत जाईपर्यंत मशाली धरून उभे राहिले. अनुभवाचे गुण मी लढाईइतकेच दिले. द्यायलाच हवेत.

साकोलीहून, पुन्हा

ज्यांच्याकडे पुस्तकं नाहीत त्यांच्यासाठी: पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर मोकळे आहेत, मोबाइलवर उतरवता येतात. त्यांत ट्रायसेराटॉप्स, टायरॅनोसॉरस आणि प्लेसिओसॉरस आहेत. तिसरा डायनासोर नव्हे, समुद्रातला सरपटणारा प्राणी. पण वैनगंगेच्या डोहात मी तो सोडणार आहे.

वरोऱ्याहून

सिरोंच्याच्या ताई, सापाचे आकडे इथे टाकाल का? दबा धरल्यावर तो दिसायला किती अवघड ठेवला होतात? दिवाळीत पोरं येतायत, हाच प्रसंग घ्यायचाय.