मदत हवी आहे: जुनं आउटबोर्ड इंजिन थ्रॉटल वाढवला की गळपटतं

मालवणच्या आमच्या होडीचं ९.९ एचपी टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन चार वर्षं पडून होतं. आता दोरी दोनदा ओढली की सुरू होतं, मंद छान चालतं. थ्रॉटल वाढवला की मिनिटभरात गुदमरतं. त्याच वेळी टाकीकडून येणाऱ्या पेट्रोलच्या पाइपावरचा रबरी गोळा (हाताने पेट्रोल पुढे ढकलायचा) दाबत राहिलं तर लगेच उचल घेतं! गोळा आत ओढला जात नाही, नुसता मऊ पडतो.

कार्बोरेटर दोनदा खोलून जेट साफ केले. प्लग नवे, पेट्रोल ताजं, ऑइल ५०:१, टाकीचा हवेचा स्क्रू उघडा. दोन्ही सिलिंडरना ठिणगी निळी, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धारही नीट.

फ्यूएल पंपाचा डायफ्राम (पेट्रोल ढकलणारा आतला लवचिक पडदा) मागवला तर आठवडा जाणार, आणि नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात हवीच. दोष फ्यूएल पंपाच्या डायफ्राममध्ये आहे, की पाइपाच्या कनेक्टरमधून हवा ओढली जातेय, हे आधी घरच्या घरी कसं तपासायचं?