मदत हवी आहे: माळावरच्या सोलर घरात बोअरची मोटर लावली की इन्व्हर्टर ट्रिप

उजाड_माळ
जत तालुक्यात गावापासून लांब माळावर घर आहे. पोल ओढून लाईट आणणं परवडत नाही, म्हणून सगळं सोलरवर. दिवे, पंखे, फ्रीज व्यवस्थित चालतात. बोअरची १ एचपी मोटर चालू केली की दोन सेकंदांत ओव्हरलोड दाखवून इन्व्हर्टर बंद. इन्व्हर्टर ३ केव्हीएचा, मोटर पाऊण किलोवॅटची, मग अडचण काय? दुकानदार ५ केव्हीए घ्या म्हणतोय. घेऊ का? टाकीत उद्यापुरतंच पाणी आहे, लवकर सांगा.

वायरमन_विटा
बॅटरी किती व्होल्टची? मोटर किती फुटांवर सोडली आहे? केबल किती स्क्वेअरची (म्हणजे तारेची जाडी किती चौरस मिमी)? सिंगल फेज ना?

उजाड_माळ
बॅटरी नवीन आहे हो, तिचा काय संबंध? घेऊ की नको एवढंच सांगा.

ढालगाव_पठार
सोलरच्या नादाला लागूच नका. आमच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाहीत उभ्या. १ किलोवॅटची छोटी पवनचक्की लावा, रात्रीही चालते.

वायरमन_विटा
पवनचक्कीनं मोटर सुरू होणार आहे का? प्रश्न चालू होतानाच्या करंटचा आहे. १ एचपी सिंगल फेज सबमर्सिबल चालताना ७-८ अँपिअर घेते, उचलताना त्याच्या पाचपट. म्हणजे क्षणभर ९ केव्हीएच्या आसपास. ३ काय, साधा ५ केव्हीएही तिथं मान टाकेल. उजाड_माळ, आकडे द्या.

उजाड_माळ
२४ व्होल्ट, १५० एएचच्या दोन ट्युब्युलर. बोअर ३८० फूट, मोटर ३४० वर. बोअरपासून घर १५० फूट. केबल दीड स्क्वेअर, तांब्याची. सिंगल फेज. मोटर घुरघुरते आणि इन्व्हर्टर जातो.

वायरमन_विटा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. खोली आणि अंतर मिळून ४९० फूट, म्हणजे दीडशे मीटर. जाऊन-येऊन ३०० मीटर तार. दीड स्क्वेअरला मीटरमागे १२ मिलिओहम, म्हणजे साडेतीन ओहम. चालत्या मोटरलाच २८-२९ व्होल्ट वाटेत जातात. उचलताना तर इतके पडतात की मोटर फिरतच नाही, अडकून जादा करंट ओढत राहते. म्हणून घुरघुर. ४ स्क्वेअर टाकली तर हाच तोटा १०-११ व्होल्टवर येतो.

दुसरं, बॅटरी ते इन्व्हर्टरची वायर बघा. १० स्क्वेअरची असेल आणि जाऊन-येऊन ४ मीटर भरत असेल, तर २०० अँपिअरला दीड व्होल्ट तिथंच जातो. २४ व्होल्टच्या सिस्टीमला एवढ्यानं लो-बॅटरी कट लागतो. ३५ स्क्वेअर हवी, टोकाचे लग्ज (जोडायच्या धातूच्या टोप्या) क्रिम्प केलेले, म्हणजे दाबून घट्ट बसवलेले. नुसते पिळून बसवलेले गरम होतात.

सौर_शेतकरी_माण
केबल बदलून बॅटरीवर मोटर चालवायचीच कशाला? बॅटरीतून पाणी उपसणं म्हणजे दुधानं गाडी धुणं. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) सोलर पंप घ्या, स्वतंत्र १२०० वॅटचे पॅनल, बॅटरी नाही. ३४० फूट म्हणजे १०४ मीटर, त्यात टाकीची उंची आणि पाइपचं घर्षण धरून १२० मीटर हेडचा (म्हणजे एवढ्या उंचीवर पाणी चढवणारा) मागा. चांगल्या उन्हात तासाला हजारभर लिटर धरा, पाच तासांत ५००० ची टाकी भरते. ड्राय रन सेन्सर (पाणी संपलं की पंप बंद करणारा) घ्याच. आपल्याकडचे बोअर मार्चनंतर ताणले की धार तुटते.

आणि जुन्या मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग हळूहळू वाढवणारा ड्राइव्ह) लावा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कॅपॅसिटरवाल्या सिंगल फेजला तो चालत नाही, थ्री फेजच मोटर लागते.

कोरडवाहू
मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अर्ज करा. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी मिळतो.

सौर_शेतकरी_माण
३ एचपी त्या बोअरला झेपेल का ते आधी बघा. आणि त्यांना पाणी उद्या हवंय.

माळवद_प्रेमी
घराचं छत कसलं? पत्रा असेल तर मे महिन्यात पंख्यांवरच बॅटरी संपते. माळवद (मातीचं सपाट छत) करा, घर गार राहतं, अर्धे पंखे लागत नाहीत.

कोरडवाहू
माळवदाचं पाणी गढूळ येतं, पत्र्याचं स्वच्छ. ८०० चौरस फुटांच्या पत्र्यावर ५०० मिमी पाऊस झाला, २० टक्के गळती-वाफ सोडली तरी २९ हजार लिटर जमतात. चार माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज ३२ लिटर, वर्षाला १२ हजारांच्या आत. सुरुवातीचं दीडशे लिटर सोडून द्यायचं, पुढचं टाकीत. टाकीत उजेड जाऊ देऊ नका, शेवाळ धरतं.

माळवद_प्रेमी
तापलेल्या पत्र्याखाली बसून ते पाणी प्यायचं का? पत्र्याखाली सिलिंग तरी करा.

ढालगाव_पठार
पवनचक्कीचं उत्तर राहिलंच. जून ते ऑगस्ट ढग असतात, सोलर निम्म्यावर येतं. नेमका तेव्हाच वारा असतो.

वायरमन_विटा
बरोबर, पण वारा निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते. शिवाय १५ मीटरचा खांब, ताणाच्या तारा, बेअरिंग. तेवढ्यात दोन पॅनल जास्त बसतात, ते पावसाळ्याला पुरतात.

सातबारा_मित्र
घरापर्यंत रस्ता आहे का? नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्त्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पुढं कुणी वाट अडवली तर त्रास होतो.

उजाड_माळ
रस्ता आहे. उद्याचं काय ते सांगा!

वायरमन_विटा
५ केव्हीएचा जनरेटर भाड्यानं आणा (उचलतानाचा क्षणाचा धक्का तो इन्व्हर्टरपेक्षा जास्त सोसतो) आणि बोअरच्या तोंडाशीच ठेवा. घरापर्यंतची १५० फूट केबल वगळली की तार २०८ मीटरवर येते, तोटा २० व्होल्टच्या आसपास. फ्रीज वगैरे काही जोडू नका. तीन सेकंदांत मोटरनं वेग घेतला नाही तर लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. आधी मोटरच्या स्टार्टर पॅनलमधला स्टार्ट कॅपॅसिटर बदला, स्वस्त आहे. फुगलेला असला तर तोही एक दोषी.

सौर_शेतकरी_माण
आणि पुढं मोटर वर काढाल तेव्हा केबलचा जॉइंट नवीन करा, पाण्यात चालणाऱ्या टेपनं. नायलॉनचा दोर मोटरच्या कडीला वेगळा बांधा. केबलला धरून ओढलं की जॉइंट सुटतो आणि मोटर खाली जाते.