बायोडेटात न लिहिलेले छंद: तुमचे अनुभव येऊ द्या

परवा मामेबहिणीसाठी आलेले बायोडेटा चाळत बसलो होतो. अकरापैकी नऊ जणांचे छंद वाचन, संगीत आणि प्रवास. एकाने 'नवनवीन गोष्टी शिकणे' लिहिलंय, म्हणजे काहीच नाही. मला वाटतं प्रत्येकाला एखादा खरा नाद असतोच, तो लिहायची लाज वाटते एवढंच. तर तो इथे लिहा. कुणामुळे लागला, काय फजिती झाली, घरचे काय म्हणतात. छंदाने मनःशांती मिळते वगैरे नको, ते कॅलेंडरच्या मागच्या पानावर असतं.

माझ्यापासून सुरुवात. मला आकाश बघायचा नाद आहे. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी इतके जवळ आले होते (एवढे जवळ याआधी १६२३ साली) की दोघं एकदमच दुर्बिणीत मावत होते. ते मित्राच्या गच्चीवर बघितलं आणि जिना उतरेपर्यंत मी कामातून गेलो. चार महिन्यांत सहा इंची दुर्बीण घेतली, घरी किंमत निम्मी सांगितली. पुढे सोसायटीत तक्रार गेली की चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ रात्री नळी लावून समोरच्या विंगमध्ये बघतात. सेक्रेटरी जाब विचारायला वर आले, त्यांना चंद्र दाखवला. विवरं बघून पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मिसेस आणि सासूबाईंना घेऊन हजर. त्यांना शनीची कडी दाखवायचं कबूल केलं तो नेमका २०२५ चा नोव्हेंबर, तेव्हा कडी आपल्याला जवळजवळ काठावरून दिसत होती, नुसती एक बारीक रेघ. सासूबाई म्हणाल्या, "हे तर मण्यात सुई खुपसल्यासारखं दिसतंय." बरोबरच होतं त्यांचं.

आणि ते ऑगस्टमधल्या उल्कावर्षावाच्या बातम्यांवर जाऊ नका हो. त्या ययाती तारकासमूहातल्या उल्का आपल्याकडे ढगाच्या वरच पडतात. आपला उल्कावर्षाव डिसेंबरातला, मिथुन राशीतला, १३-१४ तारखेचा. गोधडी घ्यायची आणि गच्चीत पडायचं.

चौथी_सीट:
क्रोशे. पुरुष आहे, वय ४१, आधीच सांगून टाकतो. कल्याण ते सीएसएमटी रोज, मोबाइल बघून बघून मान धरली तेव्हा आईची सुई उचलली. तिने साखळी, मुका खांब (बुटका टाका) आणि खांब (उंच टाका) एवढंच शिकवलं, बाकी यूट्यूब. डब्यातली भजनी मंडळी पहिला आठवडा हसली, वहिनींनी कामाला लावलं वाटतं म्हणून, आता त्यातल्या दोघांच्या नातवंडांच्या टोप्या मीच विणल्यात आणि तिसरे रोज विचारतात आमचा नंबर कधी. आयडी आहे तसा चौथ्या सीटवर मात्र विणता येत नाही, अर्धं बूड हवेत असतं.
फजिती म्हणजे, अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटिश डबल म्हणतात. मला काय माहीत! पॅटर्न ब्रिटिश घेतला आणि व्हिडिओ अमेरिकन बाईंचा, जिथे मुका खांब घालायचा तिथे मी अख्खा स्वेटरभर उंच खांब घालत गेलो. भाचीच्या गुडघ्यापर्यंत आला तो. फ्रॉक म्हणून घालते.

नाणेवाला:
नाणी. आजीच्या देवघरातल्या डब्यात २० पैशांची पितळी, कमळाची नाणी होती, १९६८ ते ७१ ची, तिथून लागलं. शाळेत असताना वाटलं आपण ती छान करूया. चिंच आणि मीठ लावून घासली, सोन्यासारखी झाली, आजीपण खूश. वीस वर्षांनी एका जाणकाराला दाखवली, त्याने भिंगसुद्धा काढलं नाही. नुसतं म्हणाला, "धुतलीत का?" नाण्यावरचा जुना काळपटपणा हीच त्याची कातडी असते, ती मी सोलून काढली होती. तर मंडळी, घरात जुनं नाणं असेल तर कृपा करून घासू नका.
बायको म्हणते सुट्टे पैसे घेऊन मी हिशेब सोडून सगळं बघतो. खरंय. रिक्षावाल्याने नाणं दिलं की आधी सालाखाली नजर जाते: हिरा असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. रिक्षावाल्याला वाटतं मी नाणं खोटं आहे का बघतोय.

काळी_पाच:
पेटी, वयाच्या ५४ व्या वर्षी. वडिलांची होती, माळ्यावर. ते गेल्यावर काढली तर उंदरांनी भात्याचं कातडं खाल्लेलं. दुरुस्तीवाले म्हणाले नवीन घ्या, मी म्हटलं हीच पाहिजे. बरेच हेलपाटे झाले तेव्हा वाजायला लागली, अजून मंद्रातला एक सूर भिजलेल्या मांजरासारखा येतो, पण तो बाबांच्या वेळीही तसाच यायचा त्यामुळे मी तो मुद्दाम ठीक करून घेतला नाही.
क्लासमध्ये माझ्याबरोबर तिसरीतली मुलं. सर म्हणतात उजव्या हाताकडे बघू नका, आणि मी उजवीकडे बघितलं नाही की डावा हात भाता मारायला विसरतो. अलंकार वाजवताना शेजारच्या चिमुरडीने मला कानात सांगितलं, "काकू, तुमचं पळतंय." १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती म्हणे, माझं वादन ऐकून मिस्टर म्हणाले ती उठवायची घाई केली.

अमुक_तमुक:
मला कुठलाच छंद नाही. रविवारी दुपारी झोपतो. त्यात मात्र मी चांगला आहे.

मिसळ_आणि_पक्षी:
आम्ही कॉलेजचे चार मित्र, थंडीत शनिवारी पहाटे पुण्याजवळ कवडीपाटला जातो. नदीला वास, काठावर प्लास्टिक, आणि त्या घाणीतच चक्रवाक, शेकाटे, धोबी, सगळे मजेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी नाकाला रुमाल लावायची वेळ होती आणि एक नदीसुरय डोक्यावरून सूर मारून पाण्यात गेला, रुमाल खालीच पडला. चौघांत एक नियम आहे, जो पक्षी चुकीचा ओळखेल त्याने मिसळ द्यायची. छोटे मातकट पक्षी, पर्णवटवटे वगैरे, ते दहा प्रकारचे आणि सगळे एकसारखे, त्यामुळे गेली तीन वर्षं बहुतेक मीच मिसळ देतोय. घरी विचारतात नक्की बघायला काय जाता. एकदा भिगवणला फ्लेमिंगो बघायला मुलीला नेलं तर म्हणाली बाबा हे गुलाबी कुठेत, पांढरेच आहेत. लांबून तसेच दिसतात. मग एकदम थवा उडाला आणि पंखांच्या आतला लालभडक रंग उघडला, तेव्हापासून पाचवी मेंबर आहे ती, आणि मिसळीत पावाचा हिशेब ठेवते.

मेथी_इन_लेस्टर:
इथे लेस्टरला भाड्याने जमिनीचा तुकडा मिळतो, अॅलॉटमेंट. पूर्ण प्लॉट साधारण अडीचशे चौरस मीटर, माझा अर्धा, तोही यादीत चार वर्षं थांबून. मेथी झकास येते. कोथिंबीर मात्र रडवते, जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड, तिला वाटतं आयुष्य संपत आलं, लगेच फुलोरा धरते. आणि बिनशंखाच्या गोगलगायी! रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात. शेजारच्या प्लॉटवरचे इंग्रज आजोबा बिअरच्या वाट्या पुरून ठेवतात, गोगलगायी त्यात पडतात. मी मेथी दिली, त्यांनी बटाटे दिले, मी त्यांच्याच बटाट्यांची मेथीबटाटा भाजी करून दिली तर ती त्यांनी लोणी लावलेल्या पावात घालून खाल्ली आणि आता दर आठवड्याला बटाटे घेऊन उभे असतात. वरच्या पेटीवाल्या काकू, तो बिघडलेला सूर तसाच ठेवलात ते फार आवडलं.

नाणेवाला:
मेथीताई, एक काम होतं. २००९ चं ५० पेन्सचं क्यू गार्डन्सवालं (लंडनची ती मोठी वनस्पतीबाग) नाणं, पॅगोडा आहे त्यावर. फक्त २,१०,००० पाडली होती. चिल्लरच्या डब्यात एकदा बघाल का? बदल्यात बिया पाठवल्या असत्या, पण बिया परदेशी पाठवायचे नियम कडक आहेत, त्यामुळे तुम्ही इकडे आलात की मिसळ.

मिसळ_आणि_पक्षी:
मिसळ मी देतो, सवय आहे.

मेथी_इन_लेस्टर:
@नाणेवाला डबा उपडा केला. पॅगोडा नाही, पीटर रॅबिटची (गोष्टीतला ससा) ५० पेन्सची चार निघाली, चालतील का? हा धागा मिस्टरांना वाचून दाखवला तर त्यांना इतकी हौस आली की रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलीत. काय चमकतायत म्हणून सांगू!

नाणेवाला:
अहो ताई...