मदत हवी आहे: बोटातून काढलेल्या हिमोग्लोबिनवर किती भरवसा ठेवायचा?

नागपुरात एका छोट्या नर्सिंग होममध्ये स्टाफ नर्स आहे. गर्भपातासाठी येणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन आम्ही आधी मीटरवर, बोटाला टोचून बघतो. मीटर ९.२ दाखवतं आणि त्याच बाईचा शिरेतून घेतलेल्या रक्ताचा सीबीसी (लॅबमधली पूर्ण रक्ततपासणी) १०.६ येतो. कधी उलटंही होतं, त्याची जास्त धास्ती.

हात कोमट पाण्यात धरणं, स्पिरिट पूर्ण वाळू देणं, पहिला थेंब पुसणं, बोट न पिळणं हे सगळं करून झालंय. स्ट्रिपची मुदत बघितली, कंट्रोल सोल्युशनही बरोबर येतं. तरी डिसेंबरच्या गारठ्यात, बर्फासारख्या बोटांतून थेंबच नीट येत नाही.

सरसकट सगळ्यांचा सीबीसी करा असं कृपया सांगू नका. लॅब बाहेरची, रिपोर्ट संध्याकाळी, आणि काटोल-उमरेडकडून आलेली बाई परत येईलच असं नाही. ११ च्या खाली ॲनिमिया, ७ च्या खाली तीव्र, हे माहीत आहे. सिकलसेलवाल्यांचा सीबीसी करतोच.

मीटरवर किती आकडा आला की सीबीसीशिवाय पुढे जायचं नाही, हे तुमच्याकडे कसं ठरवलंय? गोळ्यांनी होणाऱ्या आणि सक्शनने (गर्भाशय नळीने शोषून रिकामं करून) होणाऱ्या गर्भपातासाठी ती मर्यादा वेगळी ठेवता का?