पायथन: विलोमवाक्य तपासताना मराठी स्ट्रिंग नीट उलटत नाही

नवखा_कोडर
पायथन ३ मध्ये विलोमवाक्य (उलटं वाचलं तरी तेच राहणारं वाक्य) ओळखणारा प्रोग्रॅम करतोय. तपासणी एवढीच: वाक्य == वाक्य[::-1], म्हणजे वाक्य आणि त्याचं उलटं रूप सारखं आहे का. "कडक" आणि "सरस" ला ट्रू येतं, "काका" ला मात्र फॉल्स. "रामाला भाला मारा" उलटं करून छापलं तर "◌ाराम ◌ालाभ ◌ालामार" असं दिसतं, मध्ये टिंबांचे गोल. लेन (लांबी) विचारली तर १६ म्हणतो. माझ्या मोजणीने ७ अक्षरं आणि २ स्पेस, म्हणजे ९ हवेत. फॉन्टचा घोळ आहे का?

काना_मात्रा
फॉन्टचा काही दोष नाही. पायथनची स्ट्रिंग म्हणजे कोडपॉइंटांची (युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकांची) रांग, आणि आपण ज्याला एक अक्षर म्हणतो त्यात बहुतेक वेळा एकाहून जास्त कोडपॉइंट असतात. "रा" मध्ये दोन आहेत: र (२३५२) आणि काना (२३६६). ऑर्ड फंक्शनला एकेक देऊन बघा. स्ट्रिंग उलटली की काना र च्या आधी येतो. त्याला टेकायला व्यंजन नसलं की स्क्रीनवर तो टिंबांचा गोल दिसतो. "कडक" ला काना-मात्रा काहीच नाही, म्हणून ते सुटलं. बाकी १६ हा आकडा बरोबर आहे: १४ कोडपॉइंट आणि २ स्पेस. हीच ओळ यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर बाइटांत साठवायची पद्धत) साठवली तर ४४ बाइट होतात, कारण देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट घेतो.

म्हणजे उलटायची ती अक्षरांची लिस्ट, स्ट्रिंग नव्हे.

झटपट_उत्तर
सोपं आहे. आधी इझअल्फा (चिन्ह अक्षर आहे का ते सांगणारं फंक्शन) लावून स्पेस आणि विरामचिन्हं गाळा, मग उलटून तुलना करा. वर दिलेल्या वाक्याला ट्रू येतं, करून पाहिलं.

काना_मात्रा
ट्रू येतं, पण भलत्याच कारणाने. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांना इझअल्फा अक्षर मानत नाही. सगळे गळून "रमलभलमर" उरतं. याच पद्धतीने "मामी" चं "मम" होतं आणि तीही विलोम ठरते! उलट "सर जाताना प्या ना ताजा रस" हे अस्सल विलोमवाक्य नापास होतं, कारण "प्या" चे प आणि य सुटे पडतात. पायथनच्या स्वतःच्या आरई मोड्यूलमध्ये (मजकुरात नमुने शोधणारं) शब्दातली अक्षरं पकडणारं बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरलं तरी हाच प्रकार: "मराठी" चे "मर" आणि "ठ" असे दोन तुकडे मिळतात.

नवखा_कोडर
मग अक्षरांची लिस्ट करायची कशी? तयार फंक्शन आहे का?

काना_मात्रा
युनिकोडडेटा मोड्यूल पायथनसोबतच येतं. त्यातलं कॅटेगरी फंक्शन प्रत्येक कोडपॉइंटचा दोन अक्षरी वर्ग सांगतं. रिकामी लिस्ट घ्या आणि स्ट्रिंगवर लूप चालवा. वर्ग एम ने सुरू होत असेल (काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे यात येतात) तर तो लिस्टमधल्या शेवटच्या तुकड्याला जोडा. वर्ग एल ने सुरू होत असेल आणि शेवटचा तुकडा हलन्ताने (२३८१) संपत असेल, तरीही जोडा. जोडाक्षर असंच बनतं. नाहीतर नवा तुकडा. "प्या" मध्ये प, मग हलन्त, मग य, मग काना, चारही एकाच तुकड्यात जमतात.

स्पेस आधी काढू नका. "अर्थात् तो" मधली स्पेस आधीच गेली तर त् आणि तो चिकटून "त्तो" होतो. आधी तुकडे पाडा, मग लिस्टमधून स्पेस आणि विरामचिन्हं वगळा, मग लिस्ट == लिस्ट[::-1]. "सर जाताना" वाल्या वाक्यात ११ तुकडे यायला हवेत, मधला "प्या".

तयार हवं असेल तर पिपने (पायथनची मोड्यूल बसवणारं साधन) रिजेक्स मोड्यूल बसवा. त्यातलं बॅकस्लॅश-मोठा-एक्स अक्षरगट पाडून देतं. मात्र देवनागरी जोडाक्षर एकत्र ठेवायचा नियम युनिकोडमध्ये १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी आवृत्ती "प्या" चे "प्" आणि "या" करते आणि वाक्य नापास होतं. शिकत असाल तर लूपच लिहा, दहा ओळींचं काम आहे.

शुद्धलेखन_बग
आणखी एक खाचखळगा. "दऱ्या" दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ + हलन्त + य, किंवा र + हलन्त + न दिसणारा जोडक (८२०५) + य. दिसायला सारखे, पण == फॉल्स देतं. नॉर्मलाइज करून एनएफसी (युनिकोडचं एक ठरावीक रूप) लावलं तरी हे जुळत नाही. "ॲप" चंही तसंच: एकाच कोडपॉइंटचा ॲ (२४१८), किंवा अ वर वेगळा चंद्र. तपासणीआधी रिप्लेसने एकच रूप करून घ्या. रिप्लेस नवी स्ट्रिंग परत देतं, जुनी बदलत नाही. त्यामुळे उत्तर पुन्हा व्हेरिएबलमध्ये ठेवायला विसरलात तर काहीच झालेलं नसतं.

नवखा_कोडर
लूप चालला, दोन्ही वाक्यांना ट्रू. "चिमा काय कामाची" ला मात्र फॉल्स येतंय.

काना_मात्रा
कोड बरोबर बोलतोय. सुरुवातीला ऱ्हस्व "चि", शेवटी दीर्घ "ची". सूट द्यायची असेल तर तुकडे पाडण्याआधी पहिली वेलांटी दुसरीत आणि पहिला उकार दुसऱ्यात रिप्लेस करा. पण ती सूट मूळ स्ट्रिंगच्या प्रतीवर द्या, छापायचं वाक्य तसंच राहू द्या.